रिकामपणाचे मोल

‘बॉइंक’ नावाच्या आज्ञावलीत पसंती नोंदवण्याची एक चौकट आहे. संगणकाच्या मालकाला तिच्यात काही गोष्टी ठरवायच्या असतात. यंत्रातील प्रोसेसरांपैकी जास्तीत जास्त किती टक्के आम्ही वापरावेत? त्यांचा वेळ किती टक्के घ्यावा? तुम्ही कळफलकाला हात लावलात की थांबावे, की चालू राहावे? हात उचलल्यावर किती मिनिटांनी तुम्ही उठून गेलात असे समजावे? लॅपटॉप बॅटरीवर असेल तर काम करावे का? अशा आशयाची ही यादी वाचताना परक्या घरी मुक्कामाला आलेल्या एखाद्या संकोची पाहुण्याची आठवण होते. रात्री दिवा किती वाजेपर्यंत चालेल, आंघोळीला पाणी किती घेऊ, असे विचारणारा पाहुणा.

मराठी विभागात शिकवणाऱ्या माणसाने या चौकटीकडे का वळावे, असे कुणी विचारले तर ते रास्तच आहे. माझे उत्तर असे, की ही चौकट एका दिवसात तयार झालेली नाही. तिच्यातील जवळजवळ प्रत्येक ओळीमागे कुणाची तरी तक्रार, एखादा अपघात किंवा बदललेली परिस्थिती उभी आहे. पोथीच्या समासातील टिपांवरून तिच्या वाचकांचा इतिहास हाती लागावा, तसा या ओळींवरून एका कल्पनेचा इतिहास हाती लागतो. ‘रिकामा वेळ फुकट असतो’ ही ती कल्पना.

आधी थोडी ओळख. एखाद्या संशोधनाला लागणारे अवाढव्य गणित लहान लहान तुकड्यांत विभागायचे, ते तुकडे जगभरच्या सामान्य माणसांच्या घरगुती संगणकांकडे धाडायचे, त्या यंत्रांनी मालकाच्या कामातून उरलेल्या वेळात ते सोडवायचे आणि उत्तरे परत पाठवायची, याला स्वयंसेवी संगणन म्हणतात. आपल्याकडची इर्जिक यापासून फार दूर नाही. गावकऱ्यांनी आपापली औते घेऊन एकाच्या शेतात उतरायचे आणि दिवसभरात त्याची नांगरट उरकून टाकायची. फरक एवढाच, की इर्जिकेत ज्याचे शेत तो जेवण घालतो आणि उद्या स्वतःही दुसऱ्याच्या बांधावर हजर होतो. इकडे देणाऱ्याला मिळतात ते नावापुढे साठत जाणारे गुण. ते गुण वाढवण्यासाठी लोक काय काय करतात हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

परक्या यंत्रांचा रिकामा वेळ वापरण्याची कल्पना इंटरनेटपेक्षा जुनी आहे. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात जॉन शॉक आणि जॉन हप यांनी तिचा एक विलक्षण प्रयोग केला. केंद्रात ‘आल्टो’ जातीची शंभरेक यंत्रे एकमेकांना तारांनी जोडलेली होती. दिवसा माणसे त्यांवर काम करीत, रात्री ती नुसती उभी असत. शॉक आणि हप यांनी एक असा प्रोग्रॅम लिहिला, की जो जाळ्यातील रिकामी यंत्रे शोधेल, त्यांत आपले एकेक अंग पसरवेल आणि यंत्राचा मालक परतला की ते यंत्र सोडून दुसरे धुंडाळील. त्यांनी त्याला ‘वर्म’, म्हणजे किडा, म्हटले. जॉन ब्रनर यांच्या १९७५ च्या ‘द शॉकवेव्ह रायडर’ या कादंबरीतून हा शब्द आलेला होता. (संगणकशास्त्राने कादंबरीकडून शब्द उसना घेतल्याची ही नोंद साहित्याच्या वर्गात सांगण्यासारखी आहे.) या दोघांचा शोधनिबंध १९८२ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात एका रात्रीची हकिगत आली. थोड्या यंत्रांवर किडा सोडून मंडळी घरी गेली. सकाळी येऊन पाहतात तो डझनावारी यंत्रे निपचित पडलेली. पुन्हा सुरू केली तरी किडा त्यांत शिरे आणि ती पुन्हा बंद पडत. प्रोग्रॅमची एक प्रत कुठेतरी बिघडली होती आणि तो बिघाड सर्वत्र पसरत होता. काही यंत्रे तर कुलूपबंद खोल्यांत होती. नशिबाने सर्व अंगांना एकदम थांबवणारा एक निर्वाणीचा संदेश लिहून ठेवलेला होता, तो सोडावा लागला.

पाहुण्याला घरात घेण्याआधी त्याला बाहेर काढण्याची सोय हवी, हा धडा इथे पहिल्यांदा लिहिला गेला. बॉइंकमधले ‘स्थगित करा’ हे साधेसे बटण त्या सकाळचे वंशज आहे असे मी मानतो.

पुढचे पाऊल विस्कॉन्सिन विद्यापीठात पडले. लिट्झकाउ, लिव्हनी आणि मुटका या तिघांनी १९८८ साली ‘काँडोर’ ही व्यवस्था मांडली आणि निबंधाच्या शीर्षकातच तिला रिकाम्या यंत्रांची शिकारी म्हटले. काँडोर हे गिधाडाच्या जातीचे पाखरू. नाव असे हिंस्र असले तरी व्यवस्थेची वागणूक कमालीची सभ्य होती. यंत्रावर पहिला हक्क मालकाचा, हे तिचे मूळ तत्त्व. मालकाने कळफलकाला स्पर्श केला की चाललेले गणित जिथे असेल तिथे गोठवायचे, त्याची स्थिती नोंदवून ठेवायची आणि दुसऱ्या रिकाम्या यंत्रावर तिथूनच पुढे सुरू करायचे. शिकाऱ्याने सावजाची परवानगी पाहत फिरावे, असा हा प्रकार.

या सभ्यतेला युनिक्समध्ये एक नावही होते आणि ते नाव मला या सगळ्या प्रकरणातील सर्वांत सुंदर तपशील वाटतो. युनिक्समधील प्रत्येक चालू कामाला एक आकडा असतो. त्याला ‘नाइस’ म्हणतात. नाइस म्हणजे भला, सौजन्यशील. आकडा जितका मोठा तितके ते काम अधिक भले, म्हणजे इतरांना अधिक वाट देणारे. प्रचलित पद्धतीत हा आकडा उणे वीसपासून एकोणीसपर्यंत जातो. एकोणीसवर असलेले काम सर्वांचे झाल्यावर पानावर बसते. यातली गंमत अशी, की आपल्या कामाला अधिक भले करण्याची मुभा कुणालाही असते. परंतु त्याला अधिक उद्धट करायचे असेल तर यंत्राच्या व्यवस्थापकाचाच अधिकार लागतो. सौजन्याला परवाना नको, उद्धटपणाला हवा. समाजशास्त्राचा एवढा नेटका नियम तंत्रज्ञांनी लिहून ठेवावा याचे नवल वाटते.

स्वयंसेवी संगणनाचा आरंभीचा सारा विश्वास या आकड्यावर उभा होता. १९९६ च्या जानेवारीत जॉर्ज वोल्टमन यांनी मर्सेन मूळसंख्यांचा शोध सुरू केला. १९९७ साली सांकेतिक लिपी फोडण्याच्या स्पर्धांसाठी ‘डिस्ट्रिब्युटेड डॉट नेट’ उभे राहिले. १७ मे १९९९ रोजी बर्कली येथून ‘सेटी ॲट होम’चा आरंभ झाला. पोर्तो रिकोतील अरेसिबोच्या दुर्बिणीने टिपलेले रेडिओ-तरंग चुंबकीय फितींवर साठवून बर्कलीला येत. तेथे त्यांचे १०७ सेकंदांचे, सुमारे साडेतीनशे किलोबाइटचे तुकडे होत आणि लाखो घरांकडे जात. परग्रहावरील कुणी हाक मारली आहे का, एवढेच त्या तुकड्यात शोधायचे. तेव्हाच्या घरगुती यंत्राला एका तुकड्यासाठी कित्येक तास लागत. पुढे सहभागी झालेल्यांची संख्या पन्नास लाखांवर गेली. या सर्वांना सांगितलेली गोष्ट एकच होती : तुमचे यंत्र नाहीतरी रिकामे असते, तो वेळ आम्हाला द्या, तुमचे काहीही जाणार नाही.

ती गोष्ट त्या वेळी बरीचशी खरीही होती. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, ही म्हण विंडोज ९५ वर चालणाऱ्या प्रोसेसरचे अक्षरशः वर्णन करते. करण्याजोगे काही नसले की तो प्रोसेसर झोपत नसे. एका रिकाम्या आवर्तनात ‘काही काम आहे का’ असे स्वतःला विचारत तो गरगर फिरत राही. झोपण्याची आज्ञा प्रोसेसरला ठाऊक होती, पण ती त्याला देण्याची तसदी ही प्रणाली घेत नसे. लिनक्स आणि विंडोज एनटी ती देत. त्यामुळे विंडोज ९५ वाल्यांसाठी काही हौशी प्रोग्रॅमरांनी ‘रेन’ आणि ‘सीपीयू-आयडल’ यांसारखी साधने लिहिली; प्रोसेसरला विसावायला लावून थंड करणे एवढेच त्यांचे काम. बाकी सर्वांच्या घरी प्रोसेसर रिकामा असो वा कामात, विजेत फारसा फरक पडत नसे. भिंतीला लावायच्या तुंबड्या एखाद्या रुग्णाला लावल्या तर न्हाव्याचे काय बिघडले?

तरीही सेटीच्या स्क्रीनसेव्हरने एक बारीकशी कुरकुर ऐकवली होती. तरंगांचे रंगीत डोंगर पडद्यावर उठत ते पाहायला फार छान, पण ते रेखाटण्यातच प्रोसेसरचा वेळ जाई आणि खरे गणित मंदावे. जाणकार म्हणून पडदा काळा करून ठेवीत. दान दिसावे की व्हावे, हा पेच तिथेही होता.

रिकाम्या वेळाला किंमत आहे, असे प्रथम ठामपणे कुणी सांगितले असेल तर ते एका सरकारी फिर्यादीने. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात एका तांत्रिक महाविद्यालयाच्या संगणक-व्यवस्थापकाने १९९९ साली तेथील यंत्रांवर डिस्ट्रिब्युटेड डॉट नेटचा प्रोग्रॅम बसवला. २००१ साली त्याच्यावर फौजदारी आरोप ठेवण्यात आले. राज्याने नुकसानीचा हिशेब मांडला तो सेकंदाला ५९ सेंट या दराने, आणि एकूण रक्कम चार लाख डॉलरांच्या वर नेली. जानेवारी २००२ मध्ये तडजोड होऊन प्रकरण किरकोळ दंड आणि देखरेखीवर मिटले. सेकंदाचा तो दर हास्यास्पद होता, याविषयी बहुतेकांचे एकमत होते. परंतु मला वाटते, की हिशेब हास्यास्पद असला तरी प्रश्न हास्यास्पद नव्हता. दुसऱ्याच्या मालकीचा रिकामा वेळ दान करता येतो का? आज बॉइंक वापरणाऱ्याला जागोजागी बजावले जाते, की यंत्र तुमचे नसेल तर मालकाची परवानगी घ्या. त्या सूचनेमागे असे खटले आहेत.

दरम्यान प्रोसेसर झोपायला शिकला. २००० साली इंटेलने लॅपटॉपसाठी ‘स्पीडस्टेप’ आणले. प्रोसेसरने आपला वेग आणि विद्युतदाब दोन्ही उतरवायचे. एएमडीची तशीच योजना पाठोपाठ आली. विजेचा खर्च वेगाच्या आणि दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे दाब थोडा उतरला तरी बचत बरीच होते. याचा परिणाम असा झाला, की रिकामा प्रोसेसर आणि कामातला प्रोसेसर यांच्या विजेतील अंतर वर्षागणिक रुंदावत गेले. रिकामपण आता खरेच रिकामे होऊ लागले. समजा, पूर्ण कामात आणि विश्रांतीत ७० वॅटचा फरक आहे. यंत्र अहोरात्र चालवले तर महिन्याला सुमारे ५० युनिट. हे दान आता वीजबिलात दिसू लागले.

आणि नाइस या आकड्याची मर्यादा उघड झाली ती इथेच. सौजन्य रांगेपुरते होते. एकोणीसवरचे काम इतर कामांना वाट देते हे खरे, पण वाट मागणारे कुणी नसले की ते प्रोसेसर शंभर टक्के वापरते, आणि पंख्याला, विजेला, तापमानाला त्याच्या विनयाशी काही देणेघेणे नसते. लिनक्समध्ये २००४ च्या सुमारास मागणीनुसार वेग ठरवणारी एक योजना आली, तिच्यात एक खुंटी होती : भल्या कामांचा भार धरू नये. ती खुंटी फिरवली, की प्रोसेसर केवळ सौजन्यशील कामांसाठी आपला वेग वाढवीत नसे. भल्या माणसाची भूक हिशेबात न धरण्याची सोय, असे तिचे मराठी करता येईल. मूळसंख्या शोधणाऱ्या वोल्टमन यांच्या ‘प्राइम ९५’ चे तर आणखी एक करिअर झाले. त्याचे गणित प्रोसेसरला इतके तापवते, की यंत्राची सहनशक्ती तपासण्यासाठी लोक ते मुद्दाम चालवू लागले. प्रोग्रॅममध्ये त्यासाठी वेगळी सोय आहे आणि तिला ‘टॉर्चर टेस्ट’ म्हणतात. तुमचे काहीही जाणार नाही, हे वाक्य या नावाशेजारी ठेवून पाहावे.

बॉइंक घडत होती ती याच वर्षांत. सेटीचे डेव्हिड अँडरसन यांनी २००२ पासून ती उभी केली. अनेक प्रकल्पांना एकच चौकट मिळावी हा तिचा हेतू. २००४ साली सेटी तिच्यावर आला आणि डिसेंबर २००५ मध्ये जुनी व्यवस्था बंद झाली. टक्केवारीच्या त्या दोन ओळी आता नीट वाचता येतील. पहिली ओळ किती प्रोसेसर द्यायचे ते ठरवते. चार गाभ्यांच्या यंत्रावर ७५ टक्के म्हटले की तीन गाभे कामाला लागतात, एक तुमच्यासाठी राहतो. दुसरी ओळ वेळ ठरवते आणि तिची तऱ्हा अजब आहे. ६० टक्के म्हटले म्हणजे प्रोसेसर ६० टक्के वेगाने चालतो असे नव्हे. तो काही क्षण पूर्ण जोराने चालतो, काही क्षण पूर्ण थांबतो, आणि या दोहोंचे प्रमाण तीनास दोन राहते. पहिल्या ओळीत मजूर कमी होतात, दुसरीत सर्व मजूर राहतात पण मुकादम सारखी शिट्टी वाजवतो.

दोन्हींतून उष्णता कमी होते. पण दुसरीत प्रोसेसर सतत तापतो-निवतो, पंख्याचा आवाज चढतो-उतरतो. घरात ज्यांनी तो आवाज ऐकला आहे त्यांपैकी बरेच जण गाभे कमी करून वेळ शंभर टक्के ठेवणेच पसंत करतात. माझेही मत त्यांच्या बाजूचे आहे. काहींना टक्केवारीच मुळात अप्रस्तुत वाटली. आपल्याला चिंता तापमानाची आहे तर लगामही तापमानालाच बांधलेला बरा, या विचारातून ‘टी-थ्रॉटल’सारखे प्रोग्रॅम निघाले. अमुक अंशांवर पारा गेला की काम सैल सोडायचे. मे महिन्यात चंद्रपुरात आणि जानेवारीत महाबळेश्वरात एकच टक्केवारी ठेवणे हे तसे विनोदीच आहे.

बॅटरीच्या ओळीची गत आमच्याकडे आणखी निराळी. लॅपटॉप बॅटरीवर गेला की थांबावे, एवढे तिला कळते. परंतु भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रातील असंख्य घरांनी इन्व्हर्टर बसवले, आणि इन्व्हर्टरवर चालणाऱ्या संगणकाला आपण बॅटरीवर आहोत हे ठाऊकच नसते. त्याच्या लेखी भिंतीतून वीज येते आहे. अशा घरी परग्रहवासीयांचा शोध आणि स्वयंपाकघरातला दिवा एकाच बॅटरीतून चालणार. ती ओळ लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हे घर नव्हते.

सर्वांत अवघड प्रश्न ‘क्लायमेटप्रेडिक्शन डॉट नेट’ने उभा केला. सप्टेंबर २००३ मध्ये ऑक्सफर्डच्या पुढाकाराने सुरू झालेला हा प्रकल्प घराघरांतील यंत्रांवर पृथ्वीच्या हवामानाची प्रतिरूपे चालवी. एकेक प्रतिरूप पुरे व्हायला आठवडे लागत. जानेवारी २००५ मध्ये ‘नेचर’ने त्याचे पहिले मोठे निष्कर्ष छापले : हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमान ११ अंशांपर्यंत वाढल्याचे दाखवणारी प्रतिरूपेही त्यांत होती. तापत्या पृथ्वीचा अंदाज घेण्यासाठी हजारो यंत्रे तापवायची, हा विरोधाभास कुणाच्याही लक्षात येण्याजोगा आहे. मात्र त्यावर चटकन हसून मोकळे होणे मला पटत नाही. तेच गणित महासंगणकावर केले असते तरी वीज लागलीच असती, वर वातानुकूलनाची वेगळी. थंड प्रदेशात हिवाळ्यात घर नाहीतरी विजेवर ऊबदार ठेवावे लागत असेल, तर प्रोसेसरची उष्णता वायाही जात नाही. उन्हाळ्यात वातानुकूलित खोलीत ती दुहेरी खर्चाची ठरते. दानाची किंमत देणाऱ्याच्या अक्षांशावर अवलंबून राहावी असे हे बहुधा पहिलेच दान.

याच खुंटीचा एक काळा उपयोगही नोंदवायला हवा. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘कॉइनहाइव्ह’ नावाची सेवा सुरू झाली. संकेतस्थळाने तिचा मजकूर आपल्या पानात घातला, की पान वाचणाऱ्याचा प्रोसेसर त्याच्या नकळत ‘मोनेरो’ हे आभासी चलन खणू लागे. किती टक्के जोर लावायचा हे ठरवण्याची सोय तिच्यातही होती, पण ती संकेतस्थळाच्या मालकाच्या हाती. आकडा बेताचा ठेवला की वाचकाला सुगावा लागत नसे. त्याच महिन्यात ‘द पायरेट बे’ या संकेतस्थळाचा असा प्रयोग उघडकीला आला तो लोकांचे प्रोसेसर एकाएकी धापा टाकू लागल्यामुळे. बॉइंकमध्ये टक्केवारी उतरवणे हा यजमानाचा अधिकार होता. इथे ती चोराच्या पावलांचा आवाज कमी करण्याची युक्ती झाली. श्रमदान आणि वेठ यांत हात तेवढेच राबतात. मार्च २०१९ मध्ये कॉइनहाइव्ह बंद पडली.

त्याआधी २०१३ साली बॉइंक अँड्रॉइड फोनवर आली होती आणि तेथे तिने आपल्या अटी स्वतःहूनच कडक केल्या. फोन चार्जिंगला लावलेला असावा, बॅटरी ९० टक्क्यांवर असावी, तरच काम, आणि माहितीची देवाणघेवाण वायफाय असेल तरच. १९९९ च्या स्क्रीनसेव्हरने यातले काहीच विचारले नव्हते.

सेटी ॲट होमने ३१ मार्च २०२० रोजी नवे काम वाटणे थांबवले. १ डिसेंबर २०२० रोजी अरेसिबोची दुर्बीण कोसळली. सेटी थांबत असताना करोनाची साथ जगभर पसरली होती, आणि प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास करणाऱ्या ‘फोल्डिंग ॲट होम’कडे लोकांची झुंबड उडाली. हा प्रकल्प २००० सालापासूनचा. त्याच्या पडद्यावर टक्केवारीचा घोळ नव्हता. हलके, मध्यम आणि पूर्ण एवढ्या तीनच खुणा होत्या. लोक घरात अडकले होते आणि हातून काहीतरी घडावे अशी तळमळ होती. काही आठवड्यांत प्रकल्पाची एकूण गणनशक्ती तेव्हाच्या सर्वांत मोठ्या महासंगणकांच्याही पुढे गेली. पण एवढ्या यंत्रांना पुरेल इतके काम तयार करून वाटणे प्रकल्पाच्या सर्व्हरांना झेपेना. ‘पूर्ण’वर खूण सरकवून बसलेल्या असंख्य घरांत त्या मार्चमध्ये प्रोसेसर कामाच्या प्रतीक्षेत थांबून होते. पंखे शांत होते आणि पडद्यावर नव्या तुकड्याची मागणी पुन्हा पुन्हा नोंदवली जात होती.